बाटलीतला चहा आणि पत्रकातलं विज्ञान

विजेवर पाणी तापवणारी आणि त्यातच सुट्या पत्तीचा चहा करून देणारी बाटली गेल्या काही वर्षांत बाजारात बरीच दिसू लागली आहे. आकार प्रवासातल्या थर्मासएवढा, तळाशी तापक, झाकणाखाली पत्ती ठेवायची जाळीची डबी आणि बाहेर तापमान दाखवणारे आकडे. परीक्षा केंद्र, निवडणुकीचं काम, प्रशिक्षणाचा मुक्काम अशा निमित्तांनी शिक्षकांच्या पिशवीतही ती येऊ लागली आहे. ती घ्यावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला इथे विचार करायचा आहे तो मुख्यतः तिच्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकाचा. त्यात विज्ञानाच्या नावाने बरंच काही सांगितलेलं असतं आणि त्यातलं पुष्कळसं तपासायला शालेय पाठ्यपुस्तकातलं विज्ञान पुरतं. तरीही ते सहसा कोणी तपासत नाही, ही आमची खरी तक्रार आहे.

पाच मिनिटांत उकळी?

आमच्यासमोर असलेल्या बाटलीच्या तळावर छापलं आहे: ३५० मिली, २३० व्होल्ट, ३०० वॉट. पत्रकात लिहिलं आहे, ‘पाच मिनिटांत उकळतं पाणी’. ही दोन्ही विधानं एकाच कारखान्यातून आलेली आहेत. ती एकमेकांशी जुळतात का, हे पाहू.

एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.१८ ज्यूल उष्णता लागते. नळाचं पाणी २५ अंश सेल्सिअसला आहे असं धरलं, तर ३५० ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला ३५० × ४.१८ × ७५, म्हणजे जवळजवळ १,१०,००० ज्यूल हवेत. ३०० वॉट म्हणजे सेकंदाला ३०० ज्यूल. भागाकार केला की ३६६ सेकंद येतात, म्हणजे सहा मिनिटांहून थोडे जास्त. हेसुद्धा एक ज्यूलही वाया गेला नाही असं मानून! प्रत्यक्षात बाटलीचं पोलाद तापतं, हवेत उष्णता जाते, झाकणातून वाफ निसटते. तेव्हा वेळ याहून जास्तच लागणार.

मग पाच मिनिटं आली कुठून? पाच मिनिटांत या तापकातून ९०,००० ज्यूल मिळतात. तेवढ्यात भरलेली बाटली फार तर ८६ अंशांच्या आसपास पोचेल. म्हणजे एकतर पाणी आधीच कोमट होतं, किंवा बाटली पूर्ण भरलेली नव्हती, किंवा ‘उकळतं’ हा शब्द सैलपणे वापरला आहे. पत्रक यातलं काहीच सांगत नाही. ज्या अटींवर एखादं विधान खरं ठरतं त्या अटी गाळून टाकल्या, की विधान खोटं न बोलताही फसवं होतं.

विजेचा दाब कमी असेल तर आणखी फरक पडतो. तापकाचा रोध कायम धरला, तर त्याची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. अनेक गावांत संध्याकाळी दाब बराच उतरतो. तो १८० व्होल्टवर आला, तर ३०० वॉटचा तापक १८४ वॉटचा होतो आणि त्याच पाण्याला दहा मिनिटं लागतात. शहरातल्या प्रयोगशाळेत काढलेला वेळ गावातल्या गिऱ्हाइकाला सांगताना एवढं तरी लिहायला हवं होतं.

कुठेही, केव्हाही?

‘प्रवासात कुठेही गरमागरम चहा’ हा दुसरा दावा. मोटारीतल्या १२ व्होल्टच्या खोबणीतून १० अँपिअर प्रवाह घेतला तर १२० वॉट मिळतात. त्यावर आपल्या १,१०,००० ज्यूलना पंधरा मिनिटं लागतील. मोबाइलच्या साध्या चार्जरमधून ५ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे १० वॉट मिळतात. या हिशेबाने तीन तास होतात. पण खरी गोम पुढेच आहे. एकपदरी पोलादाची तापलेली बाटली हवेत सेकंदाला दहा ज्यूलहून अधिक उष्णता सहज सोडते. आवक आणि जावक जिथे सारखी होते तिथे तापमान थांबतं. तेव्हा तीन तास काय, रात्रभर ठेवली तरी अशी बाटली उकळणार नाही. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास, म्हणजे १,३३,००० ज्यूल साठतात. सगळे पाण्यात उतरले तरी एका बाटलीचं आधण कसंबसं होईल आणि मग फोन लावायला काही उरणार नाही.

रेल्वेगाडीतला सॉकेट मोबाइल आणि लॅपटॉपसाठी असतो. त्यावर किटली लावायला रेल्वेची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. डब्यात दोनशे माणसं नुसता चहाच करू लागली, तर प्रत्येकी ३०० वॉटप्रमाणे ६० किलोवॉटचा भार होतो.

परदेशातून येणाऱ्या बाटल्यांविषयी जास्त कळकळीने सांगायला हवं. अमेरिकेतली मुलं पुण्या-नाशिकच्या आईवडिलांसाठी अशा वस्तू प्रेमाने आणतात. तिकडचा दाब १२० व्होल्टचा. १२० व्होल्टसाठी बनवलेला ३०० वॉटचा तापक आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर तो क्षणभर ११०० वॉटचा होतो. फ्यूज किंवा तापरोधक तुटला तर नशीब. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर दाब बदलत नाही, हे पत्रकात मोठ्या अक्षरांत असायला हवं. आम्ही पाहिलेल्या पत्रकात ते नाही.

तिसरी पिनही पाहावी. धातूचं अंग असलेल्या विद्युत उपकरणाला अर्थिंग हवं, म्हणजे तीन पिना हव्यात. दोनच पिना असतील, तर दुहेरी आवरणाची खूण, चौकोनात चौकोन, तळावर आहे का हे बघावं. दोन्ही नसेल, तर ती वस्तू पाण्याने भरून हातात धरायची नाही.

योग्य तापमान कोणत्या चहाचं?

पत्रकाचा सर्वात अभिमानाचा भाग तापमानाचा आहे. हिरव्या चहाला ८० अंश, काळ्याला १००. हे ढोबळमानाने बरोबर आहे. पत्तीतली निरनिराळी द्रव्यं निरनिराळ्या वेगाने पाण्यात उतरतात. पाणी जितकं गरम, तितकी तुरट-कडवट द्रव्यं भराभर येतात. हिरव्या पत्तीत ती मूळ रूपात शिल्लक असतात, म्हणून तिला कमी गरम पाणी मानवतं. काळ्या चहात पत्तीचं ऑक्सिडीभवन झालेलं असतं आणि त्यातून रंग आणि धार देणारी नवी द्रव्यं तयार झालेली असतात.

पण आपल्या घरात बहुधा असते ती सीटीसी, म्हणजे दाणेदार पत्ती. पत्ती चिरडून, फाडून, वळवून दाणे करायची ही रीत १९३०च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर यांनी सुरू केली. बारीक दाण्याचं पृष्ठफळ मोठं, त्यामुळे रंग झटकन उतरतो. दूध, साखर, आलं आणि गवती चहा यांच्या जोडीला टिकेल असा कडकपणा तिला असतो. ही पत्ती जाळीच्या डबीत घातली की दाणे फुगतात, भोकं बुजतात आणि आतलं पाणी बाहेर यायला धजत नाही. शिवाय डबीतली पत्ती काढता येते, पण बाटली भरलेली असताना ती गरम डबी काढणार कशी? मग पत्ती तशीच मुरत राहते आणि तासाभराने चहाचा काढा होतो.

दूध तर यात चालतच नाही. ‘फक्त पाणी भरा’ असं पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. कारण सरळ आहे: दुधातली प्रथिनं तापकावर बसतात, तळाला लागतात, आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत दूध उतू जायला वेळ लागत नाही. वाफेचं भोक पत्तीने किंवा सायीने बुजलं तर झाकण उडण्याचाही धोका. पहिल्या पानावर ‘तुमचा आवडता चहा’ आणि शेवटच्या पानावर दूधबंदी, हे आपल्याकडच्या गिऱ्हाइकाशी सरळ वागणं नव्हे.

‘१००’ हा आकडाही तपासावा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. पुण्यात तो ९८च्या आसपास, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. महाबळेश्वरच्या उघड्या पाण्यात १०० अंश येणं शक्य नाही. तिथे बाटलीवर १०० उमटलं, तर ते तापमान तापकाजवळच्या तळाचं आहे किंवा तो आकडा नुसता शोभेचा आहे.

ऑक्सिजन आणि लोह

‘पाणी एकदाच उकळत असल्याने त्यातला ऑक्सिजन टिकतो आणि चहा ताजा लागतो’ असंही पत्रक म्हणतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तापमान वाढतं तसा तो निघून जातो आणि खळखळून उकळताना जवळजवळ काहीच उरत नाही. पहिल्याच उकळीला जे गेलं, ते दुसऱ्या उकळीला वाचवणार काय?

शेवटचा दावा मात्र हसण्यावारी नेता येणार नाही: ‘दिवसभर घोट घोट प्या, जेवणाबरोबरही’. चहातली तुरट द्रव्यं भाजी-डाळीतल्या लोहाशी बांधली जातात आणि ते लोह शरीराला कमी मिळतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा देशात जेवणाबरोबर चहा घ्यायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, एवढं एक वाक्य छापायला खर्च आला नसता.

वर्गात काय करता येईल?

बाटलीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. एका उकळीला ३० वॉट-तासांहून थोडी जास्त, म्हणजे युनिटचा तिसाव्या भागाएवढी वीज लागते. तापक पाण्याला लागून असल्याने फार थोडी उष्णता वाया जाते. मुक्कामी स्वच्छ उकळलेलं पाणी मिळणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. आमचं मत असं, की ही पाणी तापवायची चांगली बाटली आहे आणि चहा करायचं बेताचं भांडं आहे. पाणी हिच्यात तापवावं आणि पत्ती वेगळ्या भांड्यात मुरत घालावी.

शिक्षकांसाठी ती आणखी एका कामाची आहे. शाळेत कोणाकडे असेल, तर शिक्षकांनी स्वतः हाताळून मुलांना वेळ आणि तापमान नोंदवायला सांगावं. मोजून भरलेलं पाणी, दर मिनिटाला वाचन, मग आलेख. पाण्याला मिळालेली उष्णता भागिले खर्चलेली वीज, ही झाली कार्यक्षमता. काचेच्या पेल्यात गरम पाणी घेऊन वरच्या थरात चहाची पिशवी धरली, तर तपकिरी रेघा खाली उतरताना दिसतात. द्रव्यं मिसळलेलं पाणी जड असतं. पत्ती वर का ठेवतात याचं उत्तर त्यात आहे, आणि ती रचना या बाटलीत योग्य केली आहे हेही मुलांना सांगावं.

तुलना कशी करावी, हे शिकवायलाही चहाच उपयोगी पडतो. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात चव-परीक्षेसाठी चहा कसा करावा ते ठरवून दिलं आहे: १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. याच्याच ब्रिटिश आवृत्तीला १९९९ मध्ये गमतीचं इग नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्या मानकाचा हेतू रुचकर चहा हा नाही. दोन पत्त्यांची तुलना करताना बाकी सगळं सारखं राहावं, एवढाच त्याचा हेतू आहे.

मग मुलांच्या हातात पत्रक द्यावं आणि प्रत्येक विधानापुढे एकच प्रश्न लिहायला सांगावा: हे कोणत्या अटींवर खरं आहे? परीक्षेत विशिष्ट उष्म्याचं गणित सोडवणारा मुलगा पुढे दुकानात उभा राहून तेच गणित करील, तेव्हा ते शिकवल्याचं सार्थक झालं असं आम्ही समजू.