शेवटच्या ओळीतला आकडा

मंडळी, आता एक स्लाइड टीकाकाराच्या नजरेनं पाहू. जानेवारी २००३. कोलंबिया यान उडताना इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. धोका किती, हे अभियंत्यांनी नासाला स्लाइडवरून सांगितलं. शीर्षक धीर देणारं. खरी गोष्ट अगदी तळाशी, उपमुद्द्यात: चाचणीतला तुकडा ३ घनइंच, हा १९२० घनइंच. म्हणजे ६४० पट! ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द ५ वेळा. पण लक्षणीय म्हणजे नेमकं किती, ते नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावलांसह ७ जण गेले.

एका स्लाइडमुळे यान पडलं, असं आम्ही म्हणत नाही. पण एडवर्ड टफ्टींनी तिची चिरफाड केली आणि चौकशी मंडळानंही ती अहवालात घेतली, ती उगाच नव्हे. आपले वक्तृत्वाचे वर्ग आवाज, हातवारे, सभाधीटपणा शिकवतात. इथे उणीव त्यांची नव्हती. मुद्द्याच्या जागेची होती. शीर्षकातच म्हणायला हवं होतं: ‘तुकडा ६४० पट मोठा, आपली चाचणी इथे लागू नाही.’ एवढं वाक्य आधी लिहा, मग माइक हातात घ्या.