जो थांबेल तो दिसेल

वांद्रे-वरळी सी-लिंकचा तो फोटो तुम्ही पाहिलेला आहे. सूर्य मावळून वीस-पंचवीस मिनिटे झालेली, आकाश गडद निळे, पुलाच्या केबलांचा पंखा उजळलेला आणि खाली समुद्राच्या जागी दुधाची साय. पूल 2009 च्या जूनअखेरीस खुला झाला, तेव्हापासून हा फोटो काढला जातो आहे. कोणी काढला हे विचारण्यात अर्थ नाही, तो सगळ्यांनीच काढला आहे. मीही काढला, दोनदा. दुसऱ्या खेपेला साय अधिक दाट आली म्हणून खूशही झालो होतो.

मध्यंतरी हौशी छायाचित्रकारांच्या एका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो. लाँग एक्स्पोजरचा विभागच वेगळा होता. दुपारपर्यंत साय, मोटारींच्या तांबड्या-पांढऱ्या रेघा आणि ध्रुवाभोवतीची वर्तुळे यांचा डोक्यात असा काला झाला, की कुठला किनारा रत्नागिरीचा आणि कुठला आइसलँडचा हे खालची पट्टी वाचल्याशिवाय कळेना. तंत्रात खोट नव्हती. क्षितिज सरळ, नॉइज साफ, रंग बेताचे. पण मिनिट-मिनिट शटर उघडे ठेवून काढलेल्या त्या चित्रांत वेळ गेल्याची खूण कुठेच सापडेना. वेळ वापरून वेळच पुसलेला. या प्रकाराची आजची प्रकृती थोडक्यात ही आहे, आणि ती बिघडली कशी हे पाहायचे तर जरा मागे जावे लागते.

शटर उघडे ठेवणे ही मुळात हौस नव्हती, नाइलाज होता. 1838 साली लुई दागेरने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून बूलवार द्यू ताँप्ल हा रस्ता टिपला. त्याच्या पत्र्याला प्रकाश पचवायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात रस्त्यावरून जी माणसे, गाड्या, घोडी गेली, त्यांतले काहीच उरले नाही. गजबजलेला रस्ता पहाटेसारखा ओस दिसतो. उरला तो बूट पुसून घ्यायला एक पाय वर ठेवून थांबलेला एक गृहस्थ. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते ठीकच आहे. पण त्याच्या पायाशी बसलेला बूटवाला पाहा. तोही आहे, मात्र अंधूक. त्याचा हात चालू होता ना! काम करणारा पुसट आणि करवून घेणारा ठसठशीत, हा पक्षपात कॅमेऱ्याने पहिल्याच दिवशी केला. जो थांबेल तो दिसेल, हा या कलेचा सर्वांत जुना नियम, आणि कोण थांबू शकतो हा प्रश्न त्याच्या पोटातच आला.

पुढे काचा आणि फिल्म वेगवान झाल्या, शटर सेकंदाच्या शंभराव्या-हजाराव्या भागावर आले, तेव्हा कुठे संथपणा ही निवड झाली. ब्रासायने 1930 च्या आसपास पॅरिसच्या रात्री टिपल्या त्या सिगारेटींवर वेळ मोजून. उजेड कमी असेल तर जाड सिगारेट. बेरेनिस ॲबटची रीत याहून काटेकोर होती. न्यूयॉर्कचे तिचे 1932 चे रात्रीचे दृश्य उंच इमारतीच्या खिडकीतून, पंधरा मिनिटांच्या एक्स्पोजरने घेतलेले आहे. तिला अंधार हवा होता, पण खिडक्यांतले दिवेही हवे होते. पाचला कचेऱ्या सुटल्या की दिवे विझत. पाचच्या आधी अंधार पडायचा तो डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांच्या आगेमागे. म्हणजे वर्षातून मोजक्याच संध्याकाळी तो फोटो शक्य होता. त्यातला प्रत्येक चौकोनी ठिपका हा घरी न गेलेला एखादा कारकून आहे हे लक्षात आले, की ते चित्र निव्वळ रोषणाई राहत नाही.

अलेक्सेई तितारेंकोची 'छायांचे शहर' ही मालिका 1992 ते 1994 मधली. सोव्हिएत संघ मोडला होता, सेंट पीटर्सबर्गमध्ये दुकाने रिकामी आणि रांगा लांब. त्याने वासिलेओस्त्रोव्स्काया मेट्रोच्या पायऱ्यांसमोर कॅमेरा लावला आणि शटर उघडे ठेवले. गर्दी धुरासारखी वर चढताना दिसते, तोंडे नाहीत. पण कठडा धरलेले काही हात मात्र स्पष्ट आहेत. तेवढे हात काढून टाका, उरेल तो एक छान धूसर परिणाम. ते आहेत म्हणून पोटात कालवते.

रघु राय यांचा 1995 चा चर्चगेट स्टेशनवरचा फोटो मी याच जातीचा मानतो. लोकलमधून उतरलेला लोंढा वितळून वाहतो आहे आणि त्याच्या मधोमध वर्तमानपत्रात डोके खुपसलेली काही माणसे खडकासारखी स्थिर. चर्चगेटला रोज उतरणाऱ्याला हे दृश्य नवीन नाही. पण रोज पाहताना आपण स्वतः लोंढ्यात असतो, म्हणून ते खडक दिसत नाहीत. इथे शटर किती सेकंद उघडे होते याची चौकशी करावी असे कधी मला वाटलेले नाही.

वेळ गोळा करण्याची दुसरी, अधिक बौद्धिक वाट हिरोशी सुगिमोतोची. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने अमेरिकेतल्या जुन्या चित्रपटगृहांत कॅमेरा नेला. पिक्चर सुरू झाला की शटर उघडायचे, संपला की मिटायचे. दोन तासांची सगळी मारामारी, प्रेमप्रकरणे, गाणी एकावर एक साचून पडद्याचा पांढराफेक आयत होतो आणि त्या उजेडात एरवी काळोखात राहणारे नक्षीदार सज्जे, खांब, रिकाम्या खुर्च्या दिसू लागतात. कल्पना एका वाक्यात सांगता येते, तरी चित्र त्या वाक्यात संपत नाही. जर्मनीच्या मिखाएल वेझेलीने तर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची फेरबांधणी 2001 ते 2004 अशी, एकेका निगेटिव्हवर 34 महिन्यांपर्यंत घेतली. पाडलेल्या भिंतींची भुते नव्या इमारतीतून आरपार दिसतात, आकाशात सूर्याच्या रोजच्या वाटांचे ओरखडे. मुंबईत टॉवरसाठी चाळी पाडल्या जातात तेव्हा असा एक कॅमेरा समोरच्या गच्चीवर असायला हवा होता, असे फार वाटते.

समुद्राचे प्रकरण मात्र घसरले ते काळ्या काचेमुळे. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाश हजार पटींनी कमी करतो. दिवसाउजेडी सेकंदाच्या पंधराव्या भागात होणारा फोटो त्याने एक मिनिटावर जातो, आणि मिनिटभरात लाटांची सरासरी निघते. सरासरी म्हणजे साय. हा देखावा लोकप्रिय झाला त्यात इंग्लंडच्या मायकेल केनाचा हात मोठा. चौकोनी कृष्णधवल चौकट, बर्फात किंवा पाण्यात रोवलेल्या चार काठ्या, भोवती शांतता. केनाची रात्रीची एक्स्पोजरे कधीकधी दहा तासांपर्यंत चालत, आणि त्याचे प्रिंट वीतभर आकाराचे असतात, जवळ जाऊन पाहावे लागतात. अनुयायांनी काठ्या घेतल्या, शांतता घेतली, रात्र घेतली नाही. दुसरी गंमत अशी, की सुगिमोतोची समुद्रचित्रेही 'मिनिमल' म्हणून याच रांगेत उभी केली जातात, पण त्यातल्या कित्येकांत पाण्यावरची एकेक सुरकुती मोजता येते. त्याने समुद्र गुळगुळीत केला नव्हता, फक्त क्षितिज मध्यावर आणले होते.

आमच्या कोकणाला ही साय विशेष अपायकारक आहे. जांभ्याचे कडे, काळे कातळ, ओहोटीला उघडे पडणारे चिखल, त्यावर कलंडलेल्या होड्या आणि जूनमधले ते गढूळ, मातकट पाणी. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, सहा-साडेसहा तासांनी किनाऱ्याचा आकारच बदललेला असतो. वेळेचे एवढे मोठे नाटक समोर चालू असताना आपण साठ सेकंदांची इस्त्री फिरवून त्याला स्कँडिनेव्हिया करतो. एका नाखव्याने माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून विचारले होते, "पाणी कुठं गेलं?" तेवढी नेमकी समीक्षा मला अजून साधलेली नाही.

शहरांच्या बाबतीत मात्र सगळे खापर छायाचित्रकारांवर फोडणे बरे नव्हे. लाँग एक्स्पोजरला ट्रायपॉड लागतो आणि आपल्याकडे ट्रायपॉड उघडला की शिटी वाजते. हातात महागडा कॅमेरा घेऊन दिवसभर फिरा, कोणी विचारणार नाही; तीन पाय जमिनीला टेकले की तुम्ही एकदम 'शूटिंग' होता. एका स्टेशनाबाहेर मला परवानगीचे पत्र मागितले गेले. ते कुठे मिळते हे मागणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. मग लोक जातात कुठे? जिथे कोणी हटकत नाही तिथे: पुलाच्या कठड्याला, गच्चीवर, हायवेच्या ओव्हरब्रिजवर. या उंच, लांबच्या जागांवरून माणसे दिसतच नाहीत, दिसतात मोटारींचे दिवे.

या अडचणीवर फोनने तोड काढली, आणि तिथून नवेच कोडे सुरू झाले. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये 2018 साली रात्रीच्या फोटोंसाठी नाइट साइट आले, पुढच्या वर्षी ताऱ्यांसाठी चार मिनिटांपर्यंतची सोय. पण ही चार मिनिटे सलग नसतात. फोन सोळा-सोळा सेकंदांपर्यंतच्या फ्रेम घेतो, एकमेकींवर नीट बसवतो आणि जे जुळत नाही ते टाकून देतो. रस्त्यावर रात्री काढलेल्या फोटोतही तेच: हात हलला, ते सावरले जाते, समोरून कोणी गेले, त्याचे भूत गाळले जाते. दागेरच्या पत्र्यावर चालणारे पुसले गेले ते रसायन मंद होते म्हणून. इथे एक गणित ठरवते की हालचाल म्हणजे दोष. तितारेंकोच्या पायऱ्यांसमोर असा फोन धरला असता तर त्याने प्रत्येकाला जागच्या जागी गोठवून निर्मळ, उजळ, बिनकामाचा फोटो दिला असता.

आकाशाकडे वळताना एक वीत उपयोगी पडते. हात पूर्ण लांब करून वीत ताणली की ती आकाशात सुमारे वीस अंश झाकते. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच उंच असतो जेवढे तुमचे अक्षांश; मुंबईतून एकोणीस, म्हणजे जेमतेम वीतभर. त्यामुळे सह्याद्रीतून काढलेल्या स्टार ट्रेलमध्ये फक्त आतली वर्तुळे पुरी होतात, बाहेरची क्षितिजाखाली बुडून पुन्हा वर येतात. एखाद्या गडाच्या माचीवर, पार उंच ध्रुव आणि भोवती भलीमोठी पूर्ण वर्तुळे दिसली, की मी आधी अक्षांश विचारतो. बहुधा ते आकाश लडाखचे निघते आणि गड तेवढा आपला. जोडकाम नवे नाही, 1850 च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रेने समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्यावरून छापले होतेच. थिएरी कोहेनने 'विझलेली शहरे' या मालिकेत शहर एका ठिकाणचे आणि तारे त्याच अक्षांशावरच्या निर्जन प्रदेशातले असे जोडले, पण उघड सांगून: दिवे नसते तर तुमच्या डोक्यावर हेच आकाश असते. तिथे जोड हाच युक्तिवाद आहे. माचीवरच्या लडाखी आकाशाचा युक्तिवाद काय? लाइक.

आपल्या आकाशाच्या अडचणी खऱ्या आहेत. आकाशगंगेचा गाभा संध्याकाळी सोयीच्या वेळी दक्षिणेला येतो ते पावसाळ्यात, म्हणून फेब्रुवारी ते मे पहाटे अडीच-तीन वाजता उठणे आले. शहरांचा उजेड घाटमाथ्यापर्यंत पोचतो, आणि तो उजेडही बदलतो आहे. मरीन ड्राइव्हवर 2015 च्या सुमारास सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, गदारोळ झाला, मग पुन्हा पिवळसर झाक आणावी लागली. त्या कमानीच्या फोटोंचे वर्ष आता रंगावरून सांगता येते; हौशी लोकांनी नकळत केलेली ही नोंद मला त्यांच्या कित्येक मुद्दाम केलेल्या कलाकृतींपेक्षा मोलाची वाटते.

अलीकडच्या ज्या कामाने मला खरोखर उभे केले, ते लडाखमधल्या हानलेचे. तिथल्या वेधशाळेतले अभियंता दोरजे आंगचुक यांनी 2025 च्या सुरुवातीला चोवीस तासांची एक टाइमलॅप्स फिल्म दाखवली. तारे चौकटीत स्थिर धरले आहेत आणि फिरते ती जमीन: डोंगर, वेधशाळेच्या इमारती, सगळे कलंडत, उलटे होत जाते. पोटात गोळा येतो. तंत्र तेच, उपकरणे तीच, फक्त कोणाला स्थिर मानायचे हे बदलले.

महाराष्ट्रातही आता हक्काचा काळोख आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. पेंचच्या आकाशगंगेचे फोटो आता दिसू लागले आहेत, काही उत्तम आहेत. त्या खाली वळवलेल्या दिव्याच्या गोल उजेडात रात्री गप्पा मारत बसलेल्या वाघोड्याच्या माणसांचा एकही अजून माझ्यासमोर आलेला नाही.