घर, छायाचित्रण आणि बालकाचे श्रम : एका कायदेशीर गृहीतकाची चिकित्सा

बालकांच्या श्रमाचा विचार आपल्याकडे आजवर मुख्यतः दोन स्थळांच्या अनुषंगाने झाला : कारखाना आणि रंगमंच. समाजमाध्यमांवरील जाहिरातीने यांत तिसऱ्या स्थळाची भर घातली आहे. ते म्हणजे घर. खेळणी, खाऊ वा कपडे यांची शिफारस करणारे मूल स्वतःच्याच घरात, आईवडिलांच्या कॅमेऱ्यासमोर उभे असते. हे श्रम की कौतुक, याचे उत्तर प्रचलित कायद्यात शोधू गेल्यास त्यातील एक गृहीतक उघडे पडते.

1986 च्या बालकामगार अधिनियमात 2016 साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील बालकास कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली. मात्र दोन अपवाद राखले. शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत कुटुंबास केलेली मदत हा एक. जाहिरात, चित्रपट, मालिका इत्यादींतील कलावंताचे काम हा दुसरा. दुसऱ्या अपवादास 2017 च्या नियमांनी सविस्तर बंधने घातली. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि उत्पन्नाचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत बालकाच्या नावे मुदत ठेवीत. शिवाय निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावयाची.

ही व्यवस्था नवी मुंबईस लावून पाहिली म्हणजे तिची मर्यादा ध्यानात येते. वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कळंबोली रायगड जिल्ह्यात. तेव्हा नेरुळच्या स्वयंपाकघरातील चित्रीकरणासाठी ठाण्यास, तर खारघरमधील चित्रीकरणासाठी अलिबागेस अर्ज करावयाचा! नियमकर्त्यांपुढे निर्माता, चित्रीकरणस्थळ आणि वेतनपट असलेला व्यवसाय होता. येथे निर्माताही पालक, स्थळही घर, आणि मोबदला पुष्कळदा पालकाच्याच खात्यात.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या 2022 च्या मसुद्याने समाजमाध्यमांची दखल घेतली, हे श्रेय त्यास दिले पाहिजे. परंतु कुटुंबाने निर्मिलेली चित्रफीत त्याने कौटुंबिक उद्योगाच्या सदरात घातली. येथेच मतभेदास जागा आहे. मुदत ठेवीची तरतूद नियमांत कलावंत-बालकासाठी आहे. वर्ग बदलला की तिचा आधार डळमळतो. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमही पालकाच्या संमतीवरच विसंबतो. 2021 मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने अशा मजकुरावर ‘जाहिरात’ असा निर्देश आवश्यक ठरविला खरा. पण ते संरक्षण पाहणाऱ्याचे, दिसणाऱ्याचे नव्हे.

प्रत्येक चित्रफितीस श्रम म्हणणे अन्यायाचे होईल, हा आक्षेप रास्त आहे. 2023 च्या गणेशोत्सवात बीड जिल्ह्यातील एका चिमुरड्याची गीतावरील चित्रफीत महाराष्ट्रभर गाजली व पुढे त्यास मराठी मालिकेत भूमिका मिळाली. अशा आनंदावर कायद्याची छाया पडू नये. म्हणूनच कसोटी चित्रीकरणाची नव्हे, तर मोबदल्याची असावी. जेथे वस्तू विकली जाते, तेथे कौतुकाची सबब पुरत नाही.

पालकाचे व पाल्याचे हित एकच, हे गृहीतक प्रेमापुरते खरे असेल, पैशापुरते नेहमीच खरे नसते. चॅप्लिनच्या 1921 च्या ‘द किड’ मधील बालनट जॅकी कूगन यास प्रौढपणी स्वतःच्या कमाईसाठी आई व सावत्र वडील यांच्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले. त्यातून कॅलिफोर्नियाचा 1939 चा कायदा निघाला. फ्रान्सच्या 2020 च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकून, आपली चित्रे काढून टाकण्याची मागणी पालकांच्या संमतीवाचून करण्याचा अधिकार बालकास दिला. ठेव कमाईचे रक्षण करते, हा अधिकार प्रतिमेचे. भारतीय नियमांत पहिल्याची व्याप्ती घरापर्यंत नेणे आणि दुसऱ्याचा स्वीकार करणे, एवढे झाले तरच पालकाची संमती ही बालकाच्या संमतीची जागा घेणार नाही.