खंदक, घर आणि साक्षीचा अधिकार

पहिल्या महायुद्धातून (१९१४–१९१८) निर्माण झालेल्या इंग्रजी वाङ्मयाचा विचार करताना समीक्षेने एक गृहीतक जवळजवळ वादातीत मानले आहे. युद्ध ज्याने खंदकात भोगले त्यालाच युद्धाविषयी बोलण्याचा अधिकार आणि मागे राहिलेला समाज म्हणजे केवळ अजाण श्रोता, असे हे गृहीतक आहे. सीगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन यांच्या कवितेने त्याला भावनिक बळ दिले, तर पॉल फसेल यांच्या ‘द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी’ (१९७५) या ग्रंथाने त्याला उपरोधाच्या संकल्पनेची बैठक मिळवून दिली. या गृहीतकामुळे युद्धवाङ्मयाच्या आकलनातून नेमके काय निसटते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

याच्या विरुद्ध टोकाची भूमिका प्रथम पाहू. १९३६ साली ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ मॉडर्न व्हर्स’चे संपादन करताना डब्ल्यू. बी. येट्स यांनी ओवेन यांची कविता वगळली. निष्क्रिय सोसणे हा काव्याचा विषय होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्या रसव्यवस्थेच्या परिभाषेत सांगायचे तर येट्स उत्साह हा स्थायिभाव मागत होते. विषारी वायू आणि तोफगोळे यांच्या युद्धात सैनिकाचे कर्तेपणच हिरावले गेल्याने ओवेन यांच्यापाशी मात्र शोक तेवढा उरला होता. वरवर पाहता येट्स आणि फसेल यांच्यात काहीच समान नाही. तरीही एकाने सैनिकाची कृती मोजली, दुसऱ्याने त्याची दृष्टी. मोजमापाच्या केंद्रस्थानी दोघांनीही खंदकातला पुरुषच ठेवला.

ससून यांच्या ‘ग्लोरी ऑफ विमेन’ (१९१८) या कवितेत घरच्या स्त्रियांवर जो आरोप आहे तो त्यांच्या भाबडेपणाचा, म्हणजे अंतिमतः अज्ञानाचा आहे. परंतु घर खरोखरच इतके अज्ञानी होते काय? जानेवारी १९१६मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. वृत्तपत्रांत मृतांच्या याद्या येत होत्या. अधिकाऱ्याच्या घरी तार येई, साध्या शिपायाच्या घरी टपालाने छापील नमुना येई. स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबत होत्या आणि १९१५पासून झेपेलिन विमाने शहरांवर बाँब टाकत होती. युद्ध उंबरठ्याच्या आत आलेले होते.

या पार्श्वभूमीवर रिबेका वेस्ट यांची ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ (१९१८) ही छोटी कादंबरी महत्त्वाची ठरते. युद्ध चालू असतानाच, युद्धावर न गेलेल्या स्त्रीने ती लिहिली. ख्रिस बॉल्ड्री मानसिक आघाताने गेली पंधरा वर्षे विसरून घरी परततो. पत्नी किटी त्याला परकी झाली आहे. आठवते ती तारुण्यातली प्रेयसी मार्गारेट. निवेदन त्याची चुलत बहीण जेनी करते, आणि तिला पडणारी युद्धभूमीची दुःस्वप्ने युद्धाच्या चित्रपटांतून आलेली आहेत. हे ज्ञान परोक्ष आहे, पण ते ज्ञान आहे. अखेरीस मार्गारेटच त्याच्या मृत मुलाच्या वस्तू पुढे करून त्याची स्मृती जागी करते. तो बरा होतो. बरा होणे याचा अर्थ पुन्हा फ्लँडर्सला जाणे, हे जेनीला कळत असते. किटीचे समाधान आणि जेनीची जाणीव एकाच क्षणी घडतात.

ससून यांच्या आरोपाला येथे अनपेक्षित उत्तर मिळते. घराचा अपराध अज्ञानाचा नाही. जाणूनबुजून परत पाठवण्याचा आहे. शिवाय हे पाठवणे सत्यनिष्ठा, उपचार, कर्तव्य अशा सन्मान्य शब्दांच्या आडून होते. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’मधील (१९२५) डॉक्टर ब्रॅडशॉ समतोलाच्या नावाखाली सेप्टिमसचा असाच कोंडमारा करतात. स्वतः ओवेन क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयातून बरे होऊन अखेर आघाडीवर परतले आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, मारले गेले. खंदकाचे वाङ्मय स्वतःहून दाखवू शकत नाही अशी ही यंत्रणा केवळ घरातूनच दिसते.

याच युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक व कामगार समुद्रापार गेले. फ्रान्समधील सैनिकांची पत्रे सेन्सॉर उघडीत, निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित करीत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतील काही संपादित केली. पुष्कळ पत्रे लेखनिकाकडून लिहवून घेतलेली. म्हणजे सैनिक, लेखनिक, भाषांतरकार आणि सेन्सॉर अशा चार हातांतून आलेली ही साक्ष. तिला अनुभवाच्या प्रामाणिकतेचा निकष लावायचा कसा? काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे, अशा सांकेतिक भाषेत सैनिक घराला सावध करतात; काही पत्रांत भावाने भरती होऊ नये असे बजावलेले असते. येथे घर हा अजाण श्रोता नाही. ज्याला कळेल आणि जो काही करू शकेल, असा तो भागीदार आहे.

ही पत्रे प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानातील सैनिकांची आहेत. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात लढला. एप्रिल १९१६मध्ये कुत-अल-अमारा येथे शरण आलेल्या सैन्यात ११० मराठा लाइट इन्फन्ट्री होती. तरीही मराठी समीक्षेत ‘आपल्याला महायुद्धाचा अनुभवच नव्हता’ हे विधान सहजपणे केले जाते. अनुभव नव्हता असे नाही. ज्यांना तो होता त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी पाठवणाऱ्या घराची साक्ष वाङ्मयाच्या कक्षेत धरली नाही. अनुभवाची प्रामाणिकता हा निकष टाकून द्यावा असे येथे सुचवायचे नाही. परंतु तो लावण्यापूर्वी कोणाचा अनुभव शब्दापर्यंत पोचू शकला, आणि कोणी कोणाला कोणत्या शब्दांनी रणांगणावर धाडले, हे विचारणे समीक्षेचे पहिले काम आहे.