विमानतळावरील सहयोगी निर्णयपद्धती : एक चिकित्सा

विमानतळाच्या कार्यक्षमतेसंबंधीच्या विवेचनात एक गृहीतक वारंवार आढळते. विमान कंपनी, विमानतळाचे व्यवस्थापन, हवाई वाहतूक नियंत्रक आणि विमानाची जमिनीवरील कामे करणाऱ्या संस्था यांनी आपापल्याजवळची माहिती एकत्र ठेवली की नियोजन आपोआप सुधारते, असे हे गृहीतक होय. त्यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. माहिती देणाऱ्याला ती दिल्यामुळे काय सोसावे लागते, हा प्रश्न त्यात अनुत्तरितच राहतो.

या प्रश्नाचे महत्त्व अमेरिकेतील अनुभवावरून स्पष्ट होते. हवामान बिघडून एखाद्या विमानतळाची विमाने उतरवून घेण्याची क्षमता घटली, म्हणजे तिकडे निघणारी विमाने मूळ ठिकाणीच रोखून धरण्याची तेथे प्रथा आहे. पूर्वी प्रत्येक विमानाला उतरण्याची वेळ देताना त्याच्या आगमनाचा ताजा अंदाज आधारभूत मानला जाई. समजा, दहा वाजता पोहोचावयाच्या विमानात बिघाड झाला आणि ते अकराला पोहोचेल असे कंपनीने प्रामाणिकपणे कळविले. सर्वांनाच एक तास रोखावयाचे असेल, तर या विमानाचा तास अकरापासून मोजला जाऊन त्याला बाराची वेळ मिळे. कंपनी गप्प राहिली असती, तर अकराचीच वेळ मिळाली असती आणि रोखलेल्या तासातच दुरुस्तीही उरकली असती. सत्य सांगणाऱ्यास दुहेरी दंड आणि मौन पाळणाऱ्यास अभय, अशी ही व्यवस्था होती. अशा स्थितीत संदेशवहनाची साधने कितीही वाढविली, तरी त्यांतून खरी माहिती वाहण्याचा संभव अल्पच होता.

१९९३ पासूनच्या प्रयोगांनंतर जानेवारी १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को व नेवार्क येथे नवी पद्धती प्रथम वापरात आली. तिच्यात दोन नियम निर्णायक ठरले. पहिल्या नियमानुसार वेळांचे वाटप मूळ प्रसिद्ध वेळापत्रकाप्रमाणे होऊ लागले. त्यामुळे विलंब कळविल्याने कंपनीचा हक्क बुडेनासा झाला. दुसऱ्या नियमानुसार रिकामी झालेली वेळ प्रथम त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानास देण्यात येऊ लागली. तसे विमान नसल्यास ती इतरांकडे जाई आणि पुढे सरकलेल्या विमानाची वेळ मूळ कंपनीस मोबदला म्हणून मिळे. माहितीचा ओघ वाढला तो या नियमांच्या आधाराने, हे ध्यानात घेतले पाहिजे.

युरोपातील पद्धतीचा भर निराळा आहे. २००७ मध्ये म्यूनिक विमानतळावर ती प्रथम पूर्णत्वाने अमलात आली. उड्डाणयोजना दाखल होण्यापासून प्रत्यक्ष उड्डाणापर्यंतच्या प्रवासाचे तिने सोळा टप्पे कल्पिले आहेत. विमान सिद्ध केव्हा होईल हे कंपनी किंवा तिच्या वतीने जमिनीवरील सेवासंस्था सांगते. त्यावरून इंजिन सुरू करण्याची वेळ ठरविली जाते. धावपट्टीपाशी इंजिने चालू ठेवून रांग लावण्याऐवजी विमान आपल्या जागीच शांतपणे थांबते आणि इंधन वाचते. प्रथम येणाऱ्यास प्रथम सेवा, या जुन्या तत्त्वाच्या जागी उत्तम नियोजन करणाऱ्यास उत्तम सेवा हे तत्त्व येथे आले, ही या पद्धतीची थोर कामगिरी मानावी लागते.

तथापि अमेरिकेत जो दोष नियमांनी दूर केला, त्याचा अंश येथे शिल्लक आहे. दहा मिनिटांचा विलंब आधी कळविणाऱ्या विमानाचा क्रम गर्दीच्या वेळी दहा मिनिटांहून कितीतरी अधिक मागे जाऊ शकतो. साहजिकच शेवटच्या क्षणापर्यंत वाट पाहण्याचा मोह उत्पन्न होतो. जर्मनीतील विमानतळांवर इंजिन सुरू करण्याची वेळ एकदा निश्चित झाल्यावर सिद्धतेची वेळ तीनदाच बदलता येते. या मर्यादेने चंचलतेस आळा बसतो. परंतु लवकर सत्य सांगण्यास उत्तेजन मिळतेच असे नाही. दिलेली वेळ हुकल्यास विमानाला पुन्हा नवी वेळ घ्यावी लागते हे खरे. पण तोवर दुसऱ्यास उपयोगी पडू शकणारा अवकाश वाया गेलेला असतो. शिवाय सामान चढविण्यास उशीर होणार, हे ज्या मुकादमाला सर्वांत आधी कळते, त्याला ते सांगण्यात कोणताच लाभ नसतो.

अमेरिकेचा तोडगाही निर्दोष नाही. मूळ वेळापत्रकालाच हक्काचे अधिष्ठान मानल्याने प्रस्थापित मोठ्या कंपन्यांचे स्थान दृढ होते. दिवसाकाठी एकच विमान आणणाऱ्या कंपनीला आपल्याच विमानांत वेळांची अदलाबदल करण्याची सोय नसते.

हा विचार भारतातील अभ्यासकांनाही दूरचा नाही. मुंबईच्या विमानतळावर सहयोगी निर्णयपद्धती स्वीकारलेली आहे आणि तेथील दोन धावपट्ट्या परस्परांना छेदीत असल्याने त्या स्वतंत्रपणे एकाच वेळी वापरता येत नाहीत. अशा ठिकाणी वाया गेलेली दोन मिनिटे भरून काढणे दुष्कर असते. म्हणून या पद्धतीचे मूल्यमापन करताना इंधनाची बचत किंवा धावपट्टीपर्यंतच्या प्रवासाचा सरासरी वेळ, एवढीच मापे पुरेशी मानू नयेत. विलंबाची जाणीव झाल्यापासून तो कळविला जाईपर्यंत किती वेळ गेला आणि कळविणाऱ्याचे त्यात किती नुकसान झाले, हेही मोजले पाहिजे. सत्य सांगणाऱ्याची हानी होणार नाही अशी तजवीज ज्या व्यवस्थेत नाही, तिच्यातील सामायिक फलकावर आकडे सर्वांना दिसतील. ते खरे असतील याची शाश्वती मात्र राहणार नाही.