इझिकेल यांच्या ‘भारतीय इंग्रजी’ कवितांतील अपूर्ण काळ

निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांना ‘लॅटर-डे साम्स’ या संग्रहासाठी १९८३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. परंतु महाविद्यालयीन वर्गात त्यांची ओळख पुष्कळदा होते ती ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेने. परदेशी निघालेल्या एका स्त्रीच्या निरोपसमारंभात कोणीतरी केलेले भाषण, एवढाच या कवितेचा ऐवज. वक्ता अघळपघळ बोलतो, विषय सोडून भलतीकडे जातो आणि जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ हा प्रत्यय जोडतो. या कवितेवरील नेहमीची टीका या शेवटच्या लकबीपाशी येऊन थांबते. वक्त्याला इंग्रजी येत नाही, तो अपूर्ण काळ यंत्रवत वापरतो आणि कवी त्याचा उपहास करतो, असे सांगितले की विवेचन संपते. हा उपहास सौम्य की बोचरा, एवढाच काय तो वाद उरतो. वक्त्याचे व्याकरण मात्र कोणी तपासत नाही.

ते तपासण्याजोगे आहे. मिस पुष्पाच्या वडिलांच्या गावाविषयी बोलता बोलता वक्त्याला आपल्या सुरतेच्या मुक्कामाची आठवण होते. तो मुक्काम एकदाच घडलेला. तेथे वक्ता साधा भूतकाळ वापरतो. त्या घरच्या गृहिणीच्या हातच्या स्वयंपाकाचे कौतुक करताना मात्र लगेच अपूर्ण काळ येतो, कारण ती एकदाची घटना नसून नेहमीची गोष्ट आहे. पुष्पाच्या कामसूपणाचे वर्णनही असेच. वक्ता तिला काम सांगे तेव्हाचे क्रियापद साध्या भूतकाळात आहे आणि तिच्या उत्तराचे क्रियापद अपूर्ण भूतकाळात. हेच वाक्य मराठीत कसे बोलले जाते? ‘मी जेव्हा जेव्हा तिला काही सांगितलं, तेव्हा ती म्हणायची.’ लेखी मराठीत ‘म्हणत असे’. येथेही गौण वाक्यात पूर्ण झालेली क्रिया आणि मुख्य वाक्यात रीतिभूतकाळ. मराठीतील ‘म्हणत असे’ आणि ‘म्हणत होती’ ही दोन्ही रूपे ‘म्हणत’ या एकाच कृदंतावर उभी आहेत. ज्याच्या कानात ही रचना आहे, त्याला इंग्रजीत सवय सांगण्यासाठीही अपूर्ण काळच जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. वक्त्याची मातृभाषा गुजराती असावी असे कवितेतील बुलसार-सुरतेच्या उल्लेखांवरून वाटते. पण घडून गेलेली क्रिया आणि चालू किंवा नित्याची क्रिया यांतील भेद हिंदी, गुजराती व मराठी या तिन्ही भाषांत क्रियापदाच्या रूपांतच भिनलेला आहे.

तात्पर्य, वक्ता काळ चुकवत नाही. तो क्रियेची व्याप्ती सांगतो. एकदाच घडले ते साध्या रूपात, चालू आहे, नेहमीचे आहे किंवा स्थितिरूप आहे ते ‘इंग’च्या रूपात, असा त्याचा नियम आहे आणि तो तो बऱ्याच सातत्याने पाळतो.

‘द पेट्रियट’ या कवितेतही हाच कान दिसतो. तेथील वक्ता परवा वर्तमानपत्र वाचत असल्याचे चालू वर्तमानकाळात सांगतो आणि लगेच एका गुंडाने दगड मारल्याची हकिगत साध्या भूतकाळात देतो. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने हा काळांचा गोंधळ. पण ‘परवा मी पेपर वाचतोय, तर कोणी एकाने दगड मारलेला’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकू येईल. गोष्ट सांगताना पार्श्वभूमी चालू ठेवायची आणि घटना घडून गेलेली दाखवायची, ही आपल्याकडच्या कथनाची मुरलेली रीत आहे. जग भांडत आहे हे सांगताना क्रियापदाची द्विरुक्ती करणे किंवा ‘आत्ताच’मधील ‘च’साठी ‘ओन्ली’ आणि ‘पुरुषांतही, बायकांतही’मधील ‘ही’साठी ‘ऑल्सो’ पुन्हा पुन्हा योजणे, हे त्याच जातीचे. उपपदे गाळण्याविषयी तर वेगळे सांगायलाच नको. मराठीत ती नाहीतच.

अर्थात सर्वच उपयोगांचे असे समर्थन करता येत नाही. ‘मला कळतंय’, ‘मला आठवत नाहीये’, ‘असं वाटतंय’ ही मराठी रूपे अपूर्ण काळातील आहेत. त्यामुळे समजणे, आठवणे, वाटणे या अर्थांची इंग्रजी क्रियापदे ‘इंग’ घेऊन आली तर त्यामागे मातृभाषेचा आधार दाखवता येतो. ‘नो’ या क्रियापदाला मात्र तसा आधार नाही. आपण ‘मला माहीत आहे’ असेच म्हणतो. त्याचे चालू रूप मराठीत संभवत नाही. भाषणाच्या सुरुवातीलाच हे क्रियापद ‘इंग’सह येते, तेथे वक्त्याच्या तोंडून कवीच बोलू लागल्याचा भास होतो. श्रोत्यांना पहिल्या फटक्यात हसवण्यासाठी केलेली ती योजना आहे आणि कवितेतील सर्वांत ढोबळ जागा तीच आहे. बोलणाऱ्याने हा प्रत्यय शाळेत ‘मी दाराकडे जात आहे’ यांसारखी वाक्ये कृतीसह घोकून सर्वत्र पसरवला, असा बचाव करता येईल. तो पुरेसा मात्र नाही.

या ढोबळपणाचा परिणाम वाचकावर असा होतो की पुढे शुद्ध रूपेही त्याला अशुद्ध वाटू लागतात. पुष्पा दोन-तीन दिवसांत परदेशी निघणार आहे, हे वक्ता चालू वर्तमानकाळात सांगतो. ठरलेल्या प्रवासासाठी हा काळ वापरणे प्रमाण इंग्रजीलाही मान्य आहे. तरी वर्ग हसतोच. दुसरीकडे, एका अमेरिकन खाद्यपदार्थ कंपनीने २००३ पासून ‘लव्ह’ या स्थितिदर्शक क्रियापदाला ‘इंग’ लावून घोषवाक्य जगभर मिरवले, त्याला कोणी व्याकरणदोष म्हणत नाही. दोष कोणाच्या तोंडी आहे यावर हसू अवलंबून असेल, तर ते व्याकरणाचे हसू नव्हे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ही कविता वाचतो तेव्हा त्याची अडचण अशी की पुष्पाचा वक्ता त्याला परका नसतो. उत्तरपत्रिकेत तो स्वतः तशीच वाक्ये लिहितो आणि त्याखाली लाल रेघ ओढलेली पाहतो. त्याच वाक्यांवर वर्गात हसण्याची अपेक्षा त्याच्याकडून केली जाते.

कोकणातून मुंबईत आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजात जन्मलेल्या आणि मुंबईतच अध्यापन केलेल्या इझिकेल यांच्या कानावर हे इंग्रजी आयुष्यभर पडत होते. कवीचा हेतू उपहासाचा असेल. त्याचा कान त्या हेतूपेक्षा अधिक प्रामाणिक होता. ‘द रेल्वे क्लार्क’ ही कविता या दृष्टीने फारशी पाहिली गेलेली नाही. वरिष्ठांच्या बोलण्याने, नाकारलेल्या रजेने आणि पैशांच्या ओढाताणीने पिचलेला हा कारकून आपले रोजचे काम काही ओळींत साध्या वर्तमानकाळात सांगतो आणि पत्नीच्या सततच्या मागणीसाठी ‘ऑल्वेज’सह अपूर्ण काळ योजतो. सतत छळणाऱ्या गोष्टीविषयी कुरकुर करताना इंग्रज माणूसही नेमका हाच काळ वापरतो. त्या ओळीत व्याकरणाचा दोष नाही. तरीही ती कविता याच मालिकेत बसवली जाते आणि त्या कारकुनाचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याऐवजी त्याच्या इंग्रजीतील चुका शोधल्या जातात.