विटेवरचा देव आणि वाटेवरचा बाप

मराठी ख्रिस्ती काव्याच्या चर्चेत एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे : रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भक्तिगीतांत ख्रिस्ती किती आणि वारकरी किती? एका पक्षाच्या मते टिळकांनी संतांच्या अभंगात केवळ उपास्याचे नाव पालटले. दुसऱ्या पक्षाच्या मते त्यांनी परकी धर्मकल्पना देशी वेषात सजविली. वरवर पाहता ही मते परस्परविरुद्ध आहेत. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे. भाषा हे वस्त्र आणि धर्मानुभव हे शरीर. वस्त्र बदलले तरी शरीर तेच राहते, असे ते गृहीत होय. त्याची परीक्षा करावयाची, तर ईश्वराच्या सहनशील व न थकणाऱ्या करुणेची कल्पना विशेष सोयीची आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या ती केंद्रस्थानी आहे आणि मराठी भक्तीलाही ती अपरिचित नाही.

प्रथम शब्दांचाच विचार करावा. बायबलाच्या जुन्या करारात ईश्वराच्या सहनशीलतेसाठी जो हिब्रू वाक्प्रचार येतो, त्याचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा आहे. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द चालतो. ज्याचे नाक लांब, त्याचा राग पेटावयास वेळ लागतो. तापट माणसाच्या नाकावर राग असतो, असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्याचे कारण नाही. मराठी बायबलातील ‘मंदक्रोध’ हा प्रतिशब्द अर्थाने अचूक आहे. परंतु त्याच्या संस्कृत वळणामुळे मूळचे नाक मात्र नाहीसे झाले आहे. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात भाषांतरकारांना अधिक यश आले. पुत्र अद्याप दूर असतानाच बापाची दृष्टी त्याच्यावर पडते. त्या क्षणी बापाला काय झाले हे सांगताना मूळ ग्रीक ग्रंथात आतड्यांच्या वाचक शब्दापासून बनलेले क्रियापद योजिले आहे. हिब्रूतील करुणावाचक शब्दही गर्भाशयाच्या शब्दाशी निगडित आहे. मराठीत येथे ‘कळवळा’ हा शब्द आला आणि त्याने काम चोख बजावले. दया वरून खाली येते, कळवळा पोटातून वर येतो. आतडे तुटणे, पोटात कालवणे, आतड्याची माया, हे सारे शब्दप्रयोग मराठीत आधीपासूनच होते. म्हणजे या ठिकाणी भाषेने परक्या कल्पनेला नुसते वस्त्र पुरविले नाही. मूळ कल्पनेत जे शरीर होते तेच तिने पुन्हा उभे केले.

या भाषेचा इतिहास मात्र निर्मळ नाही. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. सुमारे ११,००० ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीवरील त्यांच्या प्रेमाविषयी शंका घेण्यास जागा नाही. तथापि ज्या साष्टी प्रांतात या ओव्या वाचल्या गेल्या, तेथील देवळे सोळाव्या शतकातच पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण न्यायालय बसले होते. करुणेचा संदेश सत्तेच्या सावलीत सांगितला जात होता, ही गोष्ट समीक्षकाने विसरू नये. वाङ्मयदृष्ट्या आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. पुराण हा कथनाचा प्रकार आहे. देवाने काय केले हे त्यात सांगितले जाते, श्रोता ते ऐकतो. क्षमा पावलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने बोलावे, यासाठी मराठी ख्रिस्ती काव्याला तीन शतके वाट पाहावी लागली.

तो आवाज टिळकांचा. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये त्यांचा जन्म झाला व १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची धारणा सर्वश्रुत आहे. या पुलाची बांधणी पाहावयाची तर पंढरीच्या कथेकडे वळावे लागते. रुसलेल्या रुक्मिणीच्या शोधात कृष्ण द्वारका सोडून दिंडीरवनात आला. मातापित्यांच्या सेवेत गढलेल्या पुंडलिकाने त्याला उभे राहावयास वीट फेकली आणि देव अठ्ठावीस युगे तिच्यावर उभा राहिला. आज राजधानी दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेले उपनगरही द्वारकेचे नाव मिरविते. परंतु मराठी मनाला द्वारका ठाऊक आहे ती देवाने मागे टाकलेले घर म्हणून. घर सोडून आलेला आणि तिष्ठत उभा असलेला देव ही प्रतिमा टिळकांना परंपरेने दिली होती. ज्यूंच्या व ग्रीकांच्या भाषेत जन्मलेला वाट पाहणारा बाप मराठी श्रोत्याला ओळखीचा वाटला, तो या विटेमुळे.

येथवर साम्य झाले. नीट पाहता विटेवरचा देव आणि वाटेवरचा बाप एकरूप नाहीत. विठ्ठल थांबला तो कर्तव्यात मग्न असलेल्या पुत्रासाठी. दृष्टान्तातील बाप थांबतो तो बापाच्या हयातीतच वाटणी मागून निघून गेलेल्या पुत्रासाठी. एकाची प्रतीक्षा भक्तीचा गौरव करते, दुसऱ्याची अपराधाला पुरून उरते. यावर असे म्हणता येईल की संतांचा देवही पतितपावन आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच भेद क्षमेच्या असण्यानसण्यात शोधणे चुकीचे ठरेल. भेद आहे तो बोलण्याच्या रीतीत. संतांचा पतित देवाशी भांडतो. पतितपावन हे तुझे ब्रीद असेल तर ते खरे कर, नाही तर सोडून दे, असा त्याचा दावा असतो. उधळ्या पुत्रानेही एक भाषण मनाशी जुळवून ठेवले आहे : आपणास मोलकरी म्हणून ठेवावे, ही विनंती त्याच्या शेवटी आहे. ती विनंती त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. बाप मध्येच चाकरांना झगा, अंगठी व जोडे आणावयास सांगतो. एके ठिकाणी भक्ताची वाणी देवाला बांधते. दुसऱ्या ठिकाणी देवाची घाई भक्ताला बोलू देत नाही.

टिळकांच्या अभंगरचनेतील खरी अडचण येथे आहे. अभंग हा सर्वस्वी भक्ताच्या बोलण्याचा प्रकार, आणि व्यक्त करावयाचा अनुभव तर बोलणे अपुरे राहण्याचा. टिळकांनी या अडचणीतून काढलेली वाट अशी की ते ख्रिस्ताला आई व गुरू या दोन्ही नात्यांनी हाक मारतात. आईपुढे लेकराला युक्तिवाद करावा लागत नाही. ‘विठाई’ आणि ‘माउली’ म्हणणाऱ्या परंपरेतून ही हाक आली हे उघड आहे. परंतु तिच्यामुळे दृष्टान्तातील बापाच्या पोटातले आतडे पुन्हा आईच्या पोटात गेले, हेही तितकेच खरे. जेथे टिळकांची रचना या हाकेवर विसावते तेथे ती उत्कट आहे. जेथे ती उपदेश करू लागते तेथे अनुभव मागे पडून केवळ सिद्धान्त उरतो. नुसते नाव पालटल्याने हे घडले नसते.

दृष्टान्तात आणखी एक पात्र आहे आणि त्याच्यासाठी अभंगात जागा नाही. थोरला भाऊ शेतावरून येतो, आतील वाद्यांचा आवाज ऐकतो आणि रागावून बाहेरच उभा राहतो. त्याची तक्रार न्याय्य आहे. ज्याने काही उधळले नाही त्याच्या वाट्याला काय? करुणेच्या काव्याने या तक्रारीला उत्तर दिले नाही, तर ते काव्य स्वस्त ठरते. मराठीत हा आवाज ऐकू येतो तो पद्यात नव्हे, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या गद्यग्रंथात.

पतीने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंनी काही सोडले नव्हते, काही उधळले नव्हते. तरीही ताटातुटीचा भोग त्यांच्याच वाट्याला आला. त्यांचा संताप, सोवळे आणि थट्टा यांपैकी काहीही त्यांनी झाकून ठेवलेले नाही. स्वतः बाप्तिस्मा घेण्यास त्यांना पाच वर्षे लागली; १९०० मध्ये तो त्यांनी आपल्या विचाराने घेतला. त्या काळात कोण कोणाची वाट पाहत होते? नातलगांच्या दृष्टीने घर सोडून गेलेले टिळक हेच उधळे पुत्र होते; टिळकांच्या दृष्टीने दाराबाहेर राहिली होती ती पत्नी. ग्रंथ यांपैकी कोणतीही एक वाटणी कायम करीत नाही. शिवाय सहनशील देवाचा हा कवी स्वतः किती तापट होता हेही लक्ष्मीबाई मोकळेपणाने सांगतात. ‘लांब नाकाच्या’ देवाचे गीत गाणाऱ्याच्या नाकावर राग होता, आणि तो सोसणारी स्त्री त्याच्यावर हसत हसत लिहिते. सहनशीलता हा ईश्वराचा गुण म्हणून अभंगात येतो. ‘स्मृतिचित्रां’त तो दोन माणसांच्या संसारात रोज कमवावा लागतो.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्यांना टिळकांनीच लिहावयास-वाचावयास शिकविले होते, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. काव्यगुणांत ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या स्फुट अभंगांच्या बरोबरीस येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण बाहेर उभ्या राहिलेल्या व्यक्तीने आत येऊन घरातील अर्धवट काम हाती घ्यावे, या घटनेला जो अर्थ आहे तो कोणत्याही छंदापेक्षा मोठा आहे.

तेव्हा ख्रिस्ती किती व वारकरी किती, हा प्रश्न मोजमापाचा नाही. कळवळा हा शब्द, विटेवरची प्रतीक्षा आणि माउलीची हाक मराठीने दिली. बोलणे तोडून मिठी मारणारा बाप आणि त्याला जाब विचारणारा थोरला भाऊ शुभवर्तमानाने दिला. दोहोंच्या संगमात दोन्ही बदलले. थोरला भाऊ शेवटी आत गेला की नाही, हे लूकने सांगितलेले नाही. बाप त्याचीही समजूत घालण्यास बाहेर आला, इतके मात्र सांगितले आहे. टिळकांचा अभंग धाकट्या पुत्रापाशी थांबतो. या दुसऱ्या भेटीचे मराठी वाङ्मय लक्ष्मीबाईंनी लिहिले. म्हणून या विषयाचा विचार करणाऱ्याने ‘अभंगांजली’ व ‘स्मृतिचित्रे’ ही पुस्तके वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता शेजारी शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे.